बसवलेला आकडा

गिरमिट अर्ध्यातच एकदम खाली गेलं आणि त्याच्या मुठीवर माझी हनुवटी आपटली. बर्फ कापून होत आला की हात सैल सोडायचा, हे वेइक्कोंनी मला तीन वेळा शिकवलं होतं. पण ते चाळीस सेंटिमीटर कापल्यावर. इथे वीसही झाले नसतील आणि भोकातून काळं पाणी वर यायला लागलं होतं.

मी मोजपट्टी आत सोडली, तिचं वाकडं टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवलं आणि वाचलं. एकोणीस. पट्टी काढून पुन्हा घातली. एकोणीसच.

मागच्या गुरुवारी एकेचाळीस होते. त्याच्या आधीच्या गुरुवारी अडतीस. मधल्या आठवड्यात पारा उणे पंधराच्या वर आला नव्हता. असल्या थंडीत बर्फ वाढतो, निम्मा होत नाही, एवढं बार्शीत जन्मलेल्या माणसालाही कळतं.

ही दोन हजार चारच्या फेब्रुवारीतली गोष्ट. पाण्याच्या अभ्यासाची पदवी घ्यायला मी बार्शीहून फिनलंडला गेले होते. ‘पाणी शिकायला तिकडं कशाला जायचं, आपल्याकडं टँकर येतो की,’ असं आमच्या गल्लीत म्हणून झालं होतं. हिवाळ्याच्या सत्रात विद्यापीठाने आम्हा विद्यार्थ्यांना पूर्वेकडच्या एका तळ्याकाठी, संशोधन केंद्रावर पाठवलं आणि बर्फ वितळेपर्यंत प्रत्येकाला एकेक काम लावून दिलं. माझ्या वाट्याला तळ्यावरच्या बर्फाची जाडी आली. दर गुरुवारी ठरलेल्या जागी भोक पाडायचं, मोजायचं आणि केंद्रावरच्या वहीत लिहायचं.

त्या वहीत एकोणीसशे एकसष्टपासूनच्या नोंदी होत्या. पहिली काही वर्षं कुणा दुसऱ्याच्या अक्षरात, पुढची सगळी वेइक्कोंच्या. वेइक्को केंद्राचे तंत्रज्ञ. सत्तरीला आलेले, उंच, आणि बोलायला अतिशय चिक्कू. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘सर’ म्हटलं तर कोण आलंय ते पाहायला ते मागे वळले. माझ्या मागे कुणीच नव्हतं.

वहीत मधूनमधून रिकामे रकाने होते आणि पुढे शेऱ्याच्या जागी फिनिशमध्ये एखाददुसरा शब्द. मी विचारलं तेव्हा त्यांनी बोट ठेवून सांगितलं होतं, “वादळ. ताप. हे, गाय व्याली.”

“गाय व्याली म्हणून मोजलं नाही?”

“रात्रभर तिच्यापाशी होतो. सकाळी झोपलो.”

मला हसू आलं. आमच्या कॉलेजात जर्नलमध्ये रिकामा रकाना दिसला असता तर परीक्षकांनी जर्नल खिडकीबाहेर फेकलं असतं.

नव्या विद्यार्थ्याची नोंद ते तपासायचे. सोमवारी तळ्यावर जायचे, माझ्या भोकाशेजारी स्वतः भोक पाडायचे आणि आकडा जुळला की वहीत माझ्या नोंदीपुढे पेन्सिलीने बारीक खूण करायचे. माझ्या तीन खुणा जमल्या होत्या.

तर एकोणीस. खुणेची काठी वाऱ्याने पडून ताज्या, भुसभुशीत बर्फाखाली गेली होती आणि मी किनाऱ्यावरची होडीची खोपी आणि बर्चचं झाड पाहून जागा अंदाजाने धरली होती. चार पावलं सरकून दुसरं भोक पाडायला हवं होतं. पण एक भोक म्हणजे वीस मिनिटं, आणि माझी बोटं हातमोज्यात असूनही माझी राहिली नव्हती. मी गिरमिट खांद्यावर टाकलं आणि केंद्रावर आले. शेगडीपाशी हात सुटे झाल्यावर वही उघडून लिहिलं, त्रेचाळीस.

हे मी कुठे शिकले ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी पक्की लबाड होते. माझे वडील, अप्पा, बार्शीच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होते. लंबकाच्या प्रयोगाचं उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास यायला पाहिजे, हे आम्हाला प्रयोग करण्याआधीच ठाऊक असायचं. नाही आलं तर उत्तरापासून उलटं येत येत रीडिंगं लिहायची. याला रीडिंग बसवणं म्हणतात. यात कुणाला पाप वाटत नसे. पास होणाऱ्यालाही नाही आणि पास करणाऱ्यालाही नाही. अप्पा तर प्रॅक्टिकलच्या दिवशी टेबलांमधून फिरत हळूच सांगायचे, “पोरींनो, सगळी एकदम नेमकी बसवू नका. एखादं जरा चुकीचं ठेवा. खरं वाटतं.”

म्हणून मी चव्वेचाळीस लिहिलं नाही. अडतीस, एकेचाळीस आणि मग चव्वेचाळीस, हे फारच नेमकं वाटलं. त्रेचाळीस केलं.

वेइक्को घरी निघताना वहीवर वाकले. “त्रेचाळीस,” ते म्हणाले. “छान.” कानटोपी घातली आणि गेले. त्या रात्री मला अगदी गाढ झोप लागली, हेही कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. माझ्याबरोबरचे दोघे विद्यार्थी सकाळच्या बसने शहरात गेले. दुपारी मी केंद्राजवळच्या दुकानात दूध आणायला गेले, तर दाराशी तुइया फळ्यावर एक कागद टाचत होती. तुइया म्हणजे वेइक्कोंची मुलगी. चाळिशीची, गोठा सांभाळायची, ट्रॅक्टर चालवायची आणि बापाच्या वाटचं सगळं तीच बोलायची. कागदावरचं फिनिश मला येत नव्हतं, पण मधोमध मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा येत होता. ४३.

“हा तुझा आकडा,” तुइया हसून म्हणाली. “थँक यू हं.”

“याचं काय करता?”

“रविवारी शाळेच्या मुलांच्या शर्यती आहेत ना तळ्यावर. स्केटिंगच्या. चाळीसच्या वर जाडी गेली की मी ट्रॅक्टर नेते, वरचा भुसभुशीत बर्फ बाजूला ढकलायला. उद्या आठ वाजता लागते कामाला.” तिने टाचणी अंगठ्याने दाबली. “गेल्या आठवड्यात एकेचाळीस होते, पण बाबा म्हणाले अजून एक गुरुवार थांब. ते मोजणीशिवाय हलत नाहीत.”

“कुठून जातो ट्रॅक्टर?”

“खोपीपासून सरळ आत. तू मोजतेस तिथूनच. म्हणून तर मोजतो तिथे.”

तेव्हाच सांगायचं होतं. माझं तोंड उघडलंही, पण बाहेर आलं ते ‘ऑल द बेस्ट’. तुइया ट्रॅक्टरवर चढली आणि भुर्रकन निघून गेली. मी दूध न घेताच परत आले.

वेइक्को शुक्रवारी केंद्रावर येत नसत. त्यांच्या घरी दोनदा फोन लावला. कुणी उचलला नाही. मग मी माझ्या टेबलाच्या खणातून पहिल्या दिवशी सही केलेला कागद काढला. त्याच्या चौथ्या ओळीत लिहिलं होतं की मोजमाप बनवून लिहिणाऱ्याचा प्रवेश रद्द होईल. सही करताना ही ओळ मी वाचली होती आणि ती दुसऱ्या कुणासाठी आहे असं मला वाटलं होतं.

मग मी बार्शीला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे पाच वाजले होते.

“काय गं सुवर्णे, आज शुक्रवारीच?” अप्पा म्हणाले. “कार्ड संपल की.”

मी सगळं सांगितलं. एकोणीस, त्रेचाळीस, ट्रॅक्टर. सांगताना वाटत होतं, अप्पा म्हणतील, असू दे, त्यात काय एवढं. ते ऐकायलाच मी फोन केला होता, हे मला आज कळतं.

“एकोणीस दोनदा आलं?”

“दोनदा.”

“पट्टी बरोबर लावलेलीस?”

“हो अप्पा.”

पलीकडे आमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी झाली. कार्डाची मिनिटं जात होती.

“अप्पा, आपल्याकडे सगळेच बसवतात ना,” मी म्हटलं.

“बसवत्यात. मीच शिकवलंय. पर आपल्या लंबकावर कुणी चालत न्हाई, बाळ.”

मला रडू आलं. “प्रवेश रद्द करतील, अप्पा. परत पाठवतील.”

“पाठवू देत. बार्शी कुठं पळून चाललीय? जा, सांगून ये. उजेड हाय तोवर जा.”

वेइक्कोंचं घर तळ्याच्या पलीकडच्या काठाला होतं. बर्फावरून गेलं तर वीस मिनिटं, सगळे तसेच जायचे. पण त्या दिवशी माझं त्या तळ्यावर पाऊल टाकायचं धाडस होईना. चोराच्या मनात चांदणं. मी रस्त्याने निघाले, तळ्याला वळसा घालून. वाटेत एकही गाडी भेटली नाही. दोन्ही बाजूंना काळी झाडं आणि पायाखाली बर्फाची करकर. सबंध वाटभर मी इंग्रजीत वाक्यं जुळवत होते. ‘थोडा गैरसमज झाला’ हे एक. ‘मला खात्री नव्हती’ हे दुसरं. पोचेपर्यंत सगळी वाक्यं संपली होती.

वेइक्को अंगणात लाकडं फोडत होते. मला पाहून त्यांनी कुऱ्हाड ओंडक्यात रोवली आणि माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

“गाडी?”

“नाही. चालत आले.” आणि मग दम घ्यायच्या आतच, “त्रेचाळीस मी मोजलेले नाहीत. एकोणीस आले होते. मी ते चुकीचं धरलं आणि त्रेचाळीस लिहिले.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. आमच्याकडे माणूस आधी रागावतो, मग समजावतो, मग चहा पाजतो. त्यातलं पहिलंच झालं नाही तर पुढचं कळेनासं होतं.

“किती वेळा मोजलंस?”

“भोक एक. पट्टी दोनदा घातली.”

“दोन्ही वेळा एकोणीस.”

“हो.”

त्यांनी हात झटकले, घरात गेले, फोनवर तुइयाला फिनिशमध्ये दोन वाक्यं सांगितली आणि ठेवला. मग मला खुर्ची दाखवली आणि माझ्यापुढे कॉफी आणि पावाचा तुकडा ठेवला. पावाला वेलदोड्याचा वास होता. त्या देशात सणावाराचा वास मला एवढ्याच एका गोष्टीत भेटायचा, आणि तो नेमका त्या दिवशी भेटावा याचं मला फार वाईट वाटलं. मी तो पाव कसाबसा गिळला.

“उद्या सात वाजता,” ते म्हणाले आणि मला गाडीने केंद्रावर सोडलं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं बर्फावर होतो. तुइयाचा ट्रॅक्टर काठावरच उभा होता. माझं परवाचं भोक वरून गोठलं होतं, पण दिसत होतं. वेइक्कोंनी त्याच्या वीतभर शेजारी गिरमिट लावलं. ते लवकरच खाली गेलं. वीस. एक सेंटिमीटर दोन दिवसांत वाढला होता. मग दोन पावलं डावीकडे भोक पाडलं. बेचाळीस. उजवीकडे त्रेचाळीस.

वेइक्को गुडघ्यावर बसले आणि हाताने वरचा बर्फ बाजूला सारू लागले. हळूहळू खाली एक रेघ दिसायला लागली, सरळ, करवतीने कापलेली. मग दुसरी.

“जाळ्याचं भोक,” तुइया मला म्हणाली. “जानेवारीत कुणीतरी मासे धरायला चौकोन कापलाय. नंतर गोठला, वर बर्फ पडला. खूण लावायची असते. लावली नाही.”

माझ्या मनावरचा दगड इतका एकदम उतरला की जीभ आवरली नाही. “म्हणजे बाकीच्या तळ्यावर त्रेचाळीसच आहेत,” मी म्हटलं.

वेइक्कोंनी मान वर केली. “तुझे त्रेचाळीस कुणी मोजले?”

मी बाजूला पडलेलं गिरमिट उचललं.

“ट्रॅक्टर यात गेला असता?” थोड्या वेळाने मी तुइयाला विचारलं.

“पुढचं चाक, कदाचित. कदाचित काहीच झालं नसतं.” तिने काठावरच्या ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग त्या चौकोनाकडे. नंतर ती जाऊन पाइनच्या फांद्या घेऊन आली आणि चारी कोपऱ्यांत खोचल्या. सगळीकडे भोकं पाडून मोजून झाल्यावर, अकराच्या सुमारास, ट्रॅक्टर त्या फांद्यांना लांबून वळसा घालून गेला. रविवारी मुलांच्या शर्यती झाल्या. मी गेले नाही.

केंद्रावर येऊन वेइक्कोंनी वही उघडली. पट्टी ठेवून त्रेचाळीसवर एक रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी. वर लिहिलं, एकोणीस. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागले. गायीच्या बाळंतपणाला ज्या माणसाला दोन शब्द पुरले होते, त्याने माझ्यासाठी चार ओळी लिहिल्या.

“काय लिहिलंत?”

“जे झालं ते.”

“प्रोफेसर वाचतील?”

“जूनमध्ये. दर वर्षी वाचतात.”

त्यानंतर बर्फ निघेपर्यंत नऊ गुरुवार गेले. दर गुरुवारी मी दोन भोकं पाडली, दोन्ही आकडे लिहिले. वेइक्को तसेच होते, मोजकं बोलणारे. फक्त एक बदललं. सोमवारी ते तळ्यावर जाईनासे झाले. माझ्या नोंदींपुढच्या पेन्सिलीच्या खुणा बंद झाल्या. एकदा खोटं लिहिलेल्या मुलीचं काय तपासायचं, असं त्यांनी ठरवलं असणार. त्यांच्या मनातून मी उतरले, हे मला प्रवेश रद्द होण्याच्या भीतीपेक्षा जास्त लागलं.

फिनिश शब्दकोश केंद्राच्या कपाटात होता. चार ओळींचा अर्थ लावायला तासभर लागला असता. मी कधी लावला नाही. वहीत लिहायला बसले की ते पान येईल तेव्हा खिडकीबाहेर पाहत उलटायची.

जूनमध्ये प्रोफेसर आले आणि एकेका पानावर सही करत गेले. त्या पानावर थांबले. चार ओळी वाचल्या, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, सही केली आणि पान उलटलं. मला पदवी मिळाली. मी समजले, त्यांना दया आली.

एकोणीस वर्षं मी तसंच समजत होते. परत आले, भूजल खात्यात लागले, आता सोलापूरला असते. विहिरींच्या पाण्याची पातळी मोजणं हे माझं काम. माझ्या हाताखालची मुलं मला मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे. विहिरीला कुलूप होतं म्हणून मोजलं नाही, असं कुणी लिहून आणलं तर मी काही बोलत नाही. सलग सहा महिने नीटनेटके आकडे आले की गाडी काढते आणि स्वतः जाऊन दोर सोडते. कामात मी चोख असेन, पण पदवी दयेची आहे, हे मनात असायचंच. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, अप्पांनाही नाही.

गेल्या वर्षी तुइयाचं ईमेल आलं. वेइक्को गेले, एकोणनव्वदाव्या वर्षी. केंद्राच्या जुन्या वह्या आता संगणकावर चढवतात, आणि बापाचे शेरे वाचून देण्याचं काम तिच्याकडे आलं आहे. ‘तुझं पान सापडलं,’ तिने लिहिलं होतं. ‘तुला हे कधी कुणी वाचून दाखवलं का, माहीत नाही. बाबांनी नक्कीच नसेल.’ सोबत पानाचा फोटो होता आणि खाली चार ओळींचं इंग्रजी.

अप्पा तेव्हा माझ्याकडे राहायला आले होते. गॅलरीत सूप मांडीवर घेऊन शेंगा फोडत बसले होते. ऐकायला कमी येतं, म्हणून मी मोठ्याने, मराठी करत वाचायला लागले.

“‘एकोणीस खरे. त्रेचाळीस मोजलेले नाहीत.’”

“बरोबर हाय,” अप्पा म्हणाले.

“‘मोजणारी आपण होऊन सांगायला आली. रस्त्याने, चालत, साडेपाच किलोमीटर. तापमान उणे अठरा.’”

“साडेपाच?” अप्पांनी शेंग फोडली. “मोजून लिवलंय का बसवलंय?”

“अप्पा, ऐका की. अजून एक ओळ आहे.”

“वाच.”

ती ओळ मी सकाळपासून कितीतरी वेळा वाचली होती. तरी चष्मा काढून पुसावा लागला.

“‘हिच्या पुढच्या नोंदी तपासण्याची गरज नाही.’”

अप्पांनी हातातली शेंग सुपात ठेवली.

“पहिल्यापासनं वाच,” ते म्हणाले.